कादंबरीकाराचा कान

कादंबरीकाराची प्रेरणा केवळ त्याच्या अंतःकरणात शोधणे अपुरे होय. लखनौच्या चौक भागात दीर्घकाळ राहिलेले हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर (१९१६–१९९०) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ त्यांनी ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत आणिला. पुढे अवधमध्ये गावोगाव हिंडून १८५७ च्या लोकस्मृती ‘गदर के फूल’ (१९५७) मध्ये संगृहीत केल्या. दुसऱ्याच्या शब्दाशी इमान राखणे हा अनुवादकाचा धर्म. तोच येथे संग्राहकाचाही झाला. ‘बूँद और समुद्र’ (१९५६) मधील ताई चौकाच्याच बोलीत बोलते, म्हणून ती जिवंत वाटते. तेव्हा अनुवादास दुय्यम लेखणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, ऐकणे हीदेखील निर्मितीची पूर्वतयारी असते.