स्टेडियमभोवतीची हद्द

फुटबॉलचा विश्वचषक २०१० साली दक्षिण आफ्रिकेत भरला. आफ्रिका खंडाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यासाठी यजमान शहरांनी खास उपविधी केले: स्टेडियमभोवती हद्द आखायची आणि तिथे परवानगीशिवाय ना विक्री, ना जाहिरात. कोका-कोला, मॅकडोनाल्ड्स, बडवायझर यांनी फिफाला पैसे मोजले होते ते मक्तेदारीसाठीच. एरवी सामन्याच्या दिवशी मक्याचा घट्ट घाटा आणि भाजलेलं मांस विकणाऱ्या बायका त्या हद्दीबाहेर गेल्या.

ही मक्तेदारी किती कडक होती? १४ जूनला जोहान्सबर्गमध्ये हॉलंड-डेन्मार्क सामना सुरू असताना नारिंगी झगे घातलेल्या तीसेक तरुणींना बाहेर काढण्यात आलं. ते झगे बव्हारिया या डच बिअर कंपनीने वाटलेले. त्यांवर ठळक नावसुद्धा नव्हतं, तरी दोघींना अटक झाली. खटला पुढे मागे घेतला गेला.

डर्बनमधल्या वॉर्विक जंक्शनची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते. रेल्वे, बस आणि टॅक्सीतून उतरणाऱ्या कष्टकऱ्यांच्या गर्दीवर हा बाजार जगतो. झुलू बायका इथे गाईच्या डोक्याचं मांस मोठ्या पातेल्यांत शिजवतात आणि त्याचे तुकडे कापून गिऱ्हाइकाला देतात. शेजारीच वनौषधींचा बाजार आहे आणि १९१० पासूनची पहाटेची भाजीमंडई. नाताळ प्रांतातल्या गिरमिटिया मजुरांच्या वंशजांचा ती उभी करण्यात मोठा वाटा. विश्वचषक तोंडावर आला आणि २००९ मध्ये पालिकेने ही मंडई पाडून मॉल बांधायचं ठरवलं. विक्रेते रस्त्यावर उतरले, त्यांनी रबरी गोळ्या झेलल्या, कोर्टकचेऱ्या केल्या. मंडई पडली नाही. शंभरी तिने आपल्याच जागी गाठली.

त्याच डर्बनमध्ये १३ जूनच्या सामन्यानंतर स्टेडियमवरचे सुरक्षा कर्मचारी मजुरीसाठी अडून बसले. कबूल केलेल्या रकमेऐवजी हातात १९० रँड टेकवले, अशी त्यांची तक्रार होती. उत्तर अश्रुधुराने मिळालं. ज्या देशात कामाच्या शोधातल्या चौघांपैकी एक बेकार होता, त्या देशाच्या सरकारने फिफाला करमाफीची हमी दिली होती. एकट्या केपटाऊनच्या स्टेडियमवर चार अब्ज रँडहून जास्त सार्वजनिक पैसा गेला. २००७ ते २०१० या चार वर्षांत फिफाचं उत्पन्न मात्र चार अब्ज डॉलरच्या वर होतं, शिल्लक ६३.१ कोटी डॉलर.

रस्ते सुधारले, लोक मनापासून नाचले, हेही खरंच. पण गरिबांचा धंदा चुकून बुडाला असं म्हणता येत नाही. प्रायोजकांना विकलेल्या हक्कातच तो बुडवणं गृहीत होतं.

हे बदलता येतं. ब्राझीलमध्ये २०१४ च्या स्पर्धेआधी साल्व्हादोर शहरात आकाराजे नावाचा खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायकांनी सह्यांची मोहीम काढून स्टेडियमच्या आवारात जागा मिळवली. जागा मोजक्याच होत्या, पण फिफाला त्या द्याव्या लागल्या.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. आपल्याकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, शहर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधीही असतात. यजमानपदाचा आणि प्रायोजकांचा प्रत्येक करार या समितीपुढे आधी ठेवला जावा, अशी मागणी आत्ताच करायला हवी. स्टेडियमभोवती हद्द आखून झाल्यावर ती करून उपयोग नाही.