सिंहगडावरील धूर कोणाचा?

माघ-फाल्गुनांत सकाळीं एखाद्या गडावर उभें राहून पाहिलें असतां क्षितिजावर एक मळकट तपकिरी पट्टा दिसतो. आपण त्यास धुकें म्हणून सोडून देतों. परंतु धुकें उन्हाबरोबर विरतें. हा पट्टा दुपारीं देखील तसाच असतो. तो धूर, काजळी व इतर बारीक कण यांचा थर होय, आणि तो आपल्याच गांवचा असेल असें नाहीं. वाऱ्यावर तो शेंकडों कोस चालून आलेला असूं शकतो. मग तो कोणाचा, हें ठरवावें कसें? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. कोणी शेतकऱ्याच्या पाचटाकडे व चुलीकडे बोट दाखवितो, कोणी कारखान्यांकडे व मोटारींकडे; थर मात्र सर्वांच्याच पिकावरचें ऊन अडवितो.

अशा धुराचा माग काढण्याचा एक मोठा प्रयत्न १९९९ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत हिंदी महासागरावर झाला. ‘इंडोएक्स’ या नांवानें तो ओळखला जातो. भारत, अमेरिका, युरोपांतील देश व मालदीव येथील शास्त्रज्ञ त्यांत होते, व्ही. रामनाथन् व नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुट्झेन हे त्यांतील प्रमुख. हिंवाळ्यांत आपल्याकडील वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहतात व पाऊस बेताचाच, म्हणून धूर धुऊन न जातां पाण्यावर दूरवर पसरतो. मालदीवच्या आसपासच्या उघड्या समुद्रावरहि सुमारें तीन किलोमीटर उंचीपर्यंत हा मळका थर आढळला.

उपग्रहास धुराचा विस्तार एका नजरेंत दिसतो. स्वच्छ समुद्र वरून काळसर दिसतो. धुरकट हवा प्रकाश परत फेंकते म्हणून तेथें तो फिकट दिसतो, व त्या फिकेपणावरून थराची दाटी मोजतां येते. पण ढगांखालचें त्यास दिसत नाहीं, आणि थर किती उंचीवर व कशाचा, हें पुष्कळदां कळत नाहीं. विहिरीच्या कांठावरून पाण्याचा रंग दिसावा, परंतु तें खारें कीं गोडें तें न कळावें, तसें हें आहे. चव घेण्यास बादली सोडावी लागते. ती बादली म्हणजे विमान. मालदीवांतून उडणारीं विमानें थरांतून वरखालीं जात, नळीवाटें हवा आंत घेत, आणि कण, काजळी व वायु मोजीत. त्यांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु फार उपयोगी. तो अपुऱ्या जळणांतून निघतो व हवेंत आठवडेच्या आठवडे टिकतो. कण पावसानें गळून पडले तरी तो मागें राहून जळणाची साक्ष देतो. मात्र विमान कांहीं तासच उडतें आणि आपल्या वाटेवरचीच हवा पाहतें.

मधल्या रिकाम्या जागा संगणक भरतो. हवेचे चौकटीवजा तुकडे कल्पून प्रत्येकांत कोठून किती धूर आला, किती पुढें गेला व किती गळला, याचा हिशेब, पाटकरी पाण्याचा ठेवतो तसा, ठेवतात. इंडोएक्समध्यें उपग्रहाचीं मापें घालून हा हिशेब दुरुस्त करीत, व पुढें दाट थर कोठें असेल तें त्यावरून वर्तवीत. हिशेब उलटा चालविला म्हणजे एखाद्या ठिकाणची हवा चारपांच दिवसांपूर्वीं कोणत्या प्रदेशावर होती तें निघतें. पण वाऱ्याच्या नोंदींतील लहानशी चूक मागें जातां जातां वाढत जाते. एकट्या हिशेबावरून कोणावर आळ घेऊं नये असें आम्हांस वाटतें.

शिवाय प्रदेश कळला तरी चूल कीं कारखाना, हा वाद राहतोच. तो सुटण्यास सिंहगडाची मदत झाली. लांकूड, शेणी, पाचट हीं कालपरवां जिवंत असलेल्या वनस्पतींपासूनचीं. त्यांत हवेंतून आलेला कार्बन-१४ असतो. तो दर ५,७३० वर्षांनीं निम्मा होतो, म्हणून कोट्यवधि वर्षें पुरलेल्या दगडी कोळशांत व खनिज तेलांत तो उरलेलाच नसतो. तेव्हां कणांत तो किती, हें मोजलें कीं ताज्या जळणाचा वांटा कळतो. स्टॉकहोम विद्यापीठाचे गुस्ताफसन व त्यांचे सहकारी यांनीं सिंहगडावर आणि मालदीवांतील हनिमाधू बेटावर २००६ सालीं गाळणीवर धरलेल्या कणांची अशी परीक्षा केली व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. कार्बनयुक्त कणांचा सुमारें दोनतृतीयांश भाग ताज्या जळणाचा निघाला. निव्वळ काजळींत तो, मोजण्याच्या रीतीप्रमाणें, निम्म्याच्या आसपासपासून दोनतृतीयांशापर्यंत भरला. आपल्या बाजूस हा निकाल गोड नाहीं, पण कारखाने व मोटारी त्यांतून सुटल्या असेंहि नाहीं. उरलेला वांटा कोळशाचा व तेलाचाच. चुलीचा धूर किती आणि पेटविलेल्या शेताचा किती, हा भेद मात्र ही परीक्षा करूं शकत नाहीं.

पिकाची गोष्ट अशी कीं, रामनाथन् व दोन अर्थशास्त्रज्ञ यांनीं भारतांतील भातपिकाचे अनेक वर्षांचे आंकडे तपासून २००६ सालीं दाखविलें कीं, हा थर व उष्णता वाढविणारे वायु नसते तर भाताचें उत्पन्न अधिक आलें असतें. कार्बन डायऑक्साइड एकदां हवेंत गेला कीं त्याचा बराच भाग शतकानुशतकें राहतो. काजळीचें तसें नाहीं. ती आठवड्या-दोन आठवड्यांत खालीं बसते, व जाळणें थांबलें तर त्याच हंगामांत आकाश उजळूं लागेल.