वाढत्या वस्तीतील मुले आणि पाळणाघरांचे नियोजन

शहराच्या सीमेवर नवी वस्ती उभी राहू लागली की रस्ते, पाणी, मलनिस्सारण आणि वीज यांचा हिशेब निदान कागदावर तरी बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच मांडला जातो; त्या वस्तीत राहायला येणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांना दिवसभर कोणी आणि कुठे सांभाळायचे, हा प्रश्न मात्र कुटुंबे राहायला आल्यानंतरच पुढे येतो आणि तोही बहुधा त्या त्या आईने स्वतःपुरता सोडवायचा प्रश्न मानला जातो. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली. त्या पट्ट्यात गावठाण, गृहसंकुले, भाड्याच्या चाळी आणि बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या एकमेकांना खेटून असल्यामुळे बालसंगोपनाच्या नियोजनात नेमके काय राहून जाते, हे तेथे विशेष स्पष्ट दिसते.

या क्षेत्रातील सर्वांत मोठी सार्वजनिक व्यवस्था म्हणजे अंगणवाडी होय. 1975 साली देशातील 33 प्रकल्पांपासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि माता-पालकांसाठी पोषण व आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा येतात. सर्वसाधारण क्षेत्रात 400 ते 800 लोकसंख्येमागे एक अंगणवाडी आणि पुढे साधारणपणे दर 800 लोकसंख्येमागे आणखी एक, असा तिचा निकष आहे. याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान 40 मुले आहेत पण अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असे स्पष्ट केले. निकष लोकसंख्येचा असो वा मुलांच्या संख्येचा, त्याचा पाया मोजणी हाच असतो आणि नियोजनातील पहिली अडचणही तेथेच सुरू होते.

ही मोजणी प्रत्यक्षात अंगणवाडी सेविका करते. मुलांचा आहार आणि शिकवणे आटोपले की ती रजिस्टर आणि मोबाइल घेऊन आपल्या कार्यक्षेत्रात घरोघरी जाते आणि गरोदर स्त्रिया, स्तनदा माता व सहा वर्षांखालील मुले यांची नोंद करून ती पोषण ट्रॅकर या अॅपवर भरते. गावठाणात हे काम सरळ होते, कारण घराघराची माहिती तिला तोंडपाठ असते. गृहसंकुलाच्या फाटकावर मात्र सुरक्षारक्षक अडवतो आणि आत प्रवेश मिळाला तरी दुपारच्या वेळी अनेक दारांना कुलूप असते, म्हणजे ज्या घरातील आईवडील दोघेही कामावर गेलेले असतात आणि ज्यांना पाळणाघराची गरज सर्वाधिक असते, नेमके तेच घर नोंदीतून सुटण्याचा संभव असतो. मजुरांच्या वस्तीत याच्या उलट घडते: मुले डोळ्यांसमोर असतात, आठ-नऊ वर्षांची बहीण शाळा बुडवून धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असते, पण एका इमारतीचे काम संपले की ते कुटुंब दुसऱ्या ठिकाणी जाते आणि रजिस्टरातील नाव मागे राहते.

इतर आकडेही या कामी अपुरे पडतात. शेवटची जनगणना 2011 ची आहे आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या वस्त्या तिच्यात असणे शक्यच नाही. जन्मनोंद अद्ययावत असते, परंतु 1969 च्या कायद्यानुसार ती जन्म जेथे झाला तेथे होते आणि महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा असल्यामुळे पुण्याच्या कडेला वाढणाऱ्या मुलाची नोंद बीड किंवा लातूरच्या रुग्णालयात झालेली असू शकते. म्हणून जन्मनोंद, लसीकरणाच्या याद्या, अंगणवाडी सर्वेक्षण आणि भोगवटा प्रमाणपत्रे, म्हणजे इमारत राहण्यास योग्य झाल्याचे दाखले, हे चारही स्रोत प्रभागनिहाय एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय विश्वसनीय अंदाज बांधता येत नाही.

हा अंदाज कसा बांधावा, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत 0 ते 6 वयोगटाचे प्रमाण सुमारे 12 टक्के होते. या गटात सहा वर्षे पूर्ण झालेली मुलेही मोडत असल्याने सहा वर्षांखालील मुले साधारण 10 टक्के धरता येतात. त्या हिशेबाने 10,000 लोकवस्तीत अशी सुमारे 1,000 मुले असतील आणि त्यांपैकी निम्मी तीन वर्षांखालील असतील. निकषाप्रमाणे मिळणाऱ्या बारा अंगणवाड्यांत तीन ते सहा वयोगटातील सुमारे 500 मुलांची सोय होऊ शकते; तीन वर्षांखालील मुलांना मात्र अंगणवाडीतून मुख्यतः घरपोच शिधा मिळतो, सांभाळ मिळत नाही. त्यांच्यापैकी पाचातील एकाच मुलाला दिवसभराच्या सांभाळाची गरज आहे असे गृहीत धरले, तरी 100 मुलांची व्यवस्था करावी लागते. नव्या वस्तीत तरुण जोडपी अधिक असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असण्याचीच शक्यता अधिक असते.

वेळेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण अंगणवाडी दिवसातील काही तासच भरते आणि घरकाम, बांधकाम किंवा कारखान्यात काम करणारी आई त्याहून कितीतरी अधिक वेळ बाहेर असते. ही उणीव ओळखून केंद्र शासनाच्या मिशन शक्तीमधील ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या 25 मुलांसाठी एक केंद्र, एक सेविका व एक मदतनीस आणि दररोज साडेसात तास अशी मांडणी केली आहे. वरील उदाहरणातील 100 मुलांना अशी चार केंद्रे लागतील. कामाच्या ठिकाणी पाळणाघर असावे यासाठी 1948 चा कारखाने अधिनियम आणि 2017 मध्ये दुरुस्त झालेला मातृत्व लाभ कायदा यांत तरतुदी आल्या, परंतु त्या आस्थापनेतील कामगारांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या किमान संख्येवर आधारलेल्या होत्या. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला अशी आस्थापनाच नसते आणि म्हणून तिच्यासाठी राहत्या वस्तीतील, पायी जाता येईल असे केंद्र हाच एकमेव उपाय उरतो.

असे केंद्र उभारायचे तर खोली हवी आणि येथे शासनव्यवस्थेतील एक दुभंग आड येतो. विकास आराखडा, म्हणजे पुढील वीस वर्षांसाठी जमिनीचा वापर ठरवणारा कायदेशीर नकाशा, महापालिका तयार करते; शहरी अंगणवाड्या मात्र राज्याचे एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालय चालवते. गाव महापालिकेत आले की तेथील अंगणवाडी जिल्हा परिषदेकडे ठेवायची की शहरी प्रकल्पाकडे द्यायची, हेही नव्याने ठरवावे लागते. गावात ग्रामपंचायतीची किंवा शाळेची खोली मिळू शकते. शहरात मात्र भाड्याची खोली शोधावी लागते आणि जेथे वस्ती वेगाने वाढते तेथेच भाडेही वेगाने वाढते. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडाच्या विकासात सार्वजनिक सुविधांसाठी जागा सोडावी लागते. पण लहान भूखंडांवर एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या की एकूण वस्ती मोठी होऊनही अशी जागा कोणाच्याच वाट्यातून निघत नाही.

खोली मिळाली तरी केंद्राची क्षमता अखेर माणसांवर ठरते. आहार, वजन, नोंदी, सर्वेक्षण आणि शिकवणे ही सारी कामे सेविका वेतनावर नव्हे तर मानधनावर करते. सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय देण्यासाठी 2022 साल उजाडावे लागले, यावरून हे काम किती काळ दुय्यम मानले गेले ते कळते. दिवसभराच्या पाळणाघराची जबाबदारी याच हातांवर वेगळ्या मनुष्यबळाशिवाय लादली, तर जागा कागदावर वाढतील आणि सांभाळ मात्र पातळ होईल.

मोजणी, वेळ, खोली आणि प्रशिक्षित माणूस यांपैकी एकही गोष्ट मागाहून जोडून भागत नाही. ठरावीक संख्येपेक्षा अधिक घरे असलेल्या प्रकल्पाला भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी पाळणाघराची तळमजल्यावरील खोली तयार आहे का, हे तपासले जावे आणि लहान प्रकल्पांकडून त्यासाठी सामायिक निधी घेतला जावा, ही मागणी पाण्याच्या जोडणीच्या मागणीइतकीच रास्त आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना नोंदवण्याचा कायदेशीर हक्क असतो. रस्त्याच्या रुंदीसाठी आणि उद्यानाच्या आरक्षणासाठी तो वापरला जातो. आपल्या प्रभागातील सहा वर्षांखालील मुलांची संख्या मांडून पाळणाघरासाठी जागा मागण्याकरिताही तो प्रत्येक वाढत्या वस्तीतील रहिवाशांनी वापरावा.