जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताय? आधी गिअरबॉक्स तपासा

धंद्यासाठी जुनी गाडी घेताना आपण रंग, टायर, सीट सगळं बघतो. पण मोठा खर्च निघतो तो गिअरबॉक्समध्ये. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओसोबत स्वस्तातली एएमटी आपल्याकडे आली. त्यात क्लचचं पेडल नसतं, पण क्लच असतोच आणि तो झिजतो. म्हणून टेस्ट ड्राइव्हला हे चार मुद्दे बघा.

१. इंजिन थंड असतानाच जा. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

२. ब्रेक दाबून एन वरून डी, मग आर टाका. गिअर लागायला उशीर होतोय किंवा जोरात 'खट्ट' वाजतंय, तर सावध व्हा.

३. बाजाराच्या गर्दीत हळू चालवा. गिअर बदलताना एएमटी थोडी डुलते, ते चालतं. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीत मात्र तेवढंही नको.

४. लाखनी-साकोलीकडे उड्डाणपुलाच्या चढावर अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरत असण्याची शक्यता मोठी.

दोष दिसला तर सर्व्हिस सेंटरमधून लेखी कोटेशन घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. मालक ऐकत नसेल, तर गाडी सोडा. गाडी गॅरेजला उभी राहिली की डिलिव्हरी थांबते, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही.