‘फोर जॉ चक’ : एक संज्ञा, दोन वस्तू

‘फोर जॉ चक’ ही संज्ञा महाडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंड कातणाऱ्या कारागिराने उच्चारली, तर तिचा अर्थ एक होतो; लाकूड कातणाऱ्याने उच्चारली, तर दुसरा. शब्द तेच, जबड्यांची संख्याही तीच. वस्तू मात्र भिन्न. अर्थभेदाची अशी उदाहरणे प्रत्येक व्यावसायिक बोलीत आढळतात आणि एरवी त्यांची नोंद करून अभ्यासकाला पुढे जाता येते. येथे चुकीच्या अर्थाची किंमत पैशात, आणि प्रसंगी बोटांत, मोजावी लागते. यास्तव प्रथम नावाचा व मग वस्तूचा विचार करणे इष्ट होय.

मराठीत ‘कातणे’ हे क्रियापद सुतालाही लागते आणि लाकडालाही. धातुपाठात ‘कृत्’ हा धातू दोनदा आला आहे : तुदादिगणात छेदनाच्या अर्थी आणि रुधादिगणात वेष्टनाच्या अर्थी. राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तुलनात्मक कोशातही (१९६६) कापण्याचे मूळ आणि सूत कातण्याचे मूळ वेगळे दाखविले आहे. (या कोशकाराच्या आडनावाचाच मराठी अर्थ ‘कातारी’ असावा, हा निव्वळ योगायोग.) लेथवरचे लाकूड फिरतेही आणि कापलेही जाते, तेव्हा मराठी क्रियापदात ही दोन्ही मुळे मुद्दाम एकत्र आणली गेली, असे मानण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. दोन धातूंची रूपे ध्वनिपरिवर्तनाने एकसारखी झाली, एवढे म्हणणे पुरेसे आहे. ‘कातारी’ या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. लाकूड कातणाऱ्या कारागीर जातीचे हे नाव. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘टर्नर’ या व्यवसायाला तेच मराठी नाव आहे, आणि तेथे शिकविले जाते ते मुख्यत्वे धातूचे काम. नाव लाकडाकडून लोखंडाकडे गेले. चकच्या बाबतीत घोटाळा होतो तो याच वाटेवर.

लोखंडाच्या कामात रूढ असलेला चार जबड्यांचा चक हा ‘स्वतंत्र’ जबड्यांचा असतो. प्रत्येक जबड्याला आपला स्क्रू असतो आणि एक जबडा सरकला म्हणून दुसरा सरकत नाही. बाजारात त्याला ‘डॉग चक’ म्हणतात. याउलट ज्यात एकच चावी फिरविली असता सर्व जबडे एकदम मध्याकडे येतात, तो ‘ट्रू चक’. लोखंडाच्या कामात तो बहुधा तीन जबड्यांचा असतो. त्यामुळे यंत्रसामग्रीच्या दुकानात ‘तीन’ म्हटले की स्वकेंद्री आणि ‘चार’ म्हटले की स्वतंत्र, असा संख्येलाच अर्थ चिकटला आहे. लाकूडकामाच्या पुस्तकांत ‘फोर जॉ चक’ म्हणून ज्याचे वर्णन येते, तो मात्र चार जबड्यांचा असूनही स्वकेंद्री असतो. त्याच्या पोटात सर्पिल खाचेची एक चकती असते. ती फिरली की चारही जबडे सारख्या अंतराने आत किंवा बाहेर सरकतात.

समजा, पोलादपूरच्या एखाद्या सुताराने मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जाऊन केवळ ‘फोर जॉ’ मागितला. त्याला डॉग चक मिळण्याचा संभव अधिक. दुकानदाराची त्यात चूक नाही. तो चक जड असतो. लाकूड दर वेळी चार स्क्रू कमीजास्त करून मध्यावर आणावे लागते. पायऱ्यापायऱ्यांचे जबडे लाकडाला चार अरुंद जागी दाबतात, त्यामुळे मऊ लाकूड चेपते. सर्वांत वाईट म्हणजे ते जबडे चकच्या कडेबाहेर येऊ शकतात आणि फिरताना दिसत नाहीत. लाकूड कातताना हात चकजवळ असतो, हे लक्षात घेतले म्हणजे यातील धोका उघड होतो. मध्य सोडून काम बसवावयाचे असेल, तर डॉग चक उपयोगी आहे, वाटी-करंड्यांसाठी नव्हे. मागणी ‘लाकडाचा, चार जबड्यांचा, एका चावीचा’ अशी करावी. शब्द वाढतात, पण वस्तू निश्चित होते.

मुळात चक हवाच का, हाही प्रश्न आहे. लाटणे, पलंगाचा पाय, पाळण्याचा दांडा, कठड्याचा गज ही कामे दोन सेंटरांमध्ये होतात. त्यांना चक लागत नाही. ज्या वस्तूचे पोट कोरावयाचे, तिचे एक तोंड मोकळे ठेवावे लागते, आणि तेथे चकची गरज उत्पन्न होते : कुंकवाचा करंडा, डबी, वाटी. भाकरीचे पीठ मळण्याची काठवट याच वर्गातली. पण ती एवढी रुंद असते की तिच्यासाठी प्रथम फेसप्लेटचा विचार करावा.

निवडताना पहिली गोष्ट आट्यांची. लेथच्या स्पिंडलचे आटे आणि चकचे आटे जुळलेच पाहिजेत. एक इंच व्यास व इंचाला ८ आटे, किंवा ३३ मिलिमीटर व्यास व ३.५ मिलिमीटर अंतर, ही मापे पुष्कळ लेथवर आढळतात. परंतु अंदाजावर न जाता माप घेऊनच बाजारात जावे. अनेक चकमध्ये आट्यांचा भाग बदलता येतो. लेथ बदलण्याचा विचार असेल, तर तसाच चक घ्यावा. आकाराच्या बाबतीत मध्यम लेथला सुमारे १०० मिलिमीटरचा चक पुरतो. त्याहून मोठा घेतल्यास लहान लेथच्या स्पिंडलवर व बेअरिंगवर विनाकारण भार पडतो.

जबड्यांच्या रचनेत एक बारकावा आहे आणि धरण्याचे सारे यश त्यावर अवलंबून आहे. चार जबडे हे एका गोल चकतीचे चार तुकडे असतात. त्यामुळे त्यांच्या आतल्या कडांचे बिनचूक वर्तुळ एकाच स्थितीत, म्हणजे जबडे जवळजवळ मिटलेले असताना, होते. लाकडाच्या बुडाशी राखलेला गोल खुंट त्याच व्यासाचा असेल, तर जबडे त्याला सर्व बाजूंनी कवेत घेतात. खुंट मोठा असेल, तर जबड्यांचे फक्त कोपरे, म्हणजे आठ बिंदू, लाकडात रुततात. खुंट मुळाशी किंचित अरुंद आणि टोकाशी रुंद असावा. किती तिरका, हे जबड्यांच्या कडेवर ठरते. तो चकच्या तळाला टेकता कामा नये. लाकडाचा सपाट खांदा जबड्यांच्या माथ्यावर टेकला पाहिजे, कारण पटाशीचा धक्का खांदा सोसतो, खुंट नव्हे. खुंटाचा व्यास वाटीच्या व्यासाच्या सुमारे दोनपंचमांश ठेवण्याचा प्रघात आहे : १५० मिलिमीटरच्या वाटीला ६० मिलिमीटर. ३०० मिलिमीटरच्या काठवटीला याच हिशेबाने १२० मिलिमीटरचा खुंट लागेल, आणि तो नेहमीच्या जबड्यांत मावत नाही.

जबडे बाहेर ताणूनही लाकूड धरता येते. बुडाला खोबण करून जबडे तीत फाकवावयाचे. ही पद्धत नीटस खरी; पण फाकणारा दाब तंतूंना उकलण्याच्या दिशेने काम करतो, आणि खोबणीभोवती भरपूर लाकूड नसेल, तर ते चिरते. महाड-पोलादपूरला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तेथे पावसाळ्यात कातून ठेवलेली गोल खोबण हिवाळ्यापर्यंत गोल राहील, असे धरून चालू नये. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच त्रिज्येच्या दिशेने आकसते. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते ते यामुळे. हेदासारखे एकसारख्या पोताचे लाकूडही याला अपवाद नाही. ओले लाकूड खुंटानेच धरावे, आणि काम चालू असता मधूनमधून लेथ थांबवून चावी पुन्हा आवळावी.

वेगाविषयी एक हिशेब पुरे. मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ४० मिलिमीटर जाडीच्या लाटण्याचा पृष्ठभाग सेकंदाला २ मीटर जातो. त्याच फेऱ्यांनी ३०० मिलिमीटरच्या काठवटीची कड सेकंदाला जवळजवळ १६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५६ किलोमीटर जाते. म्हणून ओबडधोबड लाकूड अगदी कमी वेगाने सुरू करावे, शक्य तोवर टेलस्टॉकचा आधार काढू नये, आणि चेहऱ्यावर मुखवटा असावा. लेथ सुरू करण्यापूर्वी चावी चकमधून काढलेली आहे की नाही, हे हाताने चाचपून पाहावे. डोळ्यांवर विसंबू नये.

जबडे साफ करण्यासाठी काढल्यास त्यांवरचे १ ते ४ हे आकडे पाहून त्याच क्रमाने बसवावे. क्रम चुकला, तर जबडे मध्यावर एकत्र येत नाहीत. काम पूर्ण झाल्यावर वाटी उलटी धरून, लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून व टेलस्टॉकने दाबून, खुंट कातून टाकतात. शेवटी सेंटरखाली उरलेला करंगळीएवढा अंश पटाशीने हातानेच काढावा लागतो.