घाटमाथ्यावरचा आनंद

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडतात. पुढे थळ घाटाचा चढ दर ३७ फुटांस १ फूट असा आहे. १८६५ साली हा लोहमार्ग खुला झाला, तेव्हापासून या चढाशी आगगाडीची झुंज चालू आहे. इगतपुरी आली की ती इंजिने सोडतात. डब्यातल्या उतारूस ती दिसत नाहीत. आपण वर आलो, एवढेच त्यास कळते.

गेल्या श्रावणात आम्ही इगतपुरीस उतरलो, ते हवापालटासाठी नव्हे. आमच्या मामेबहिणीचे यजमान वैशाखात निवर्तले होते. बाहेर धुके आणि संततधार, आत कोणी मोठ्याने बोलत नाही, अशी त्या घराची स्थिती. तिसऱ्या दिवशी दुपारी माजघरातून अकस्मात हसण्याचा आवाज आला. आम्ही डोकावून पाहतो, तो बहिणीच्या मांडीवर 'स्मृतिचित्रे' उघडे! आम्हांस पाहताच ती ओशाळली आणि म्हणाली, "दादा, तीन महिन्यांत आज पहिल्यांदा हसले. पाप तर नाही ना लागत?"

त्या वेळी आम्हांस धड उत्तर सुचले नाही. जे पुस्तक तिच्या हाती होते, त्याच्या लेखिकेच्या चरित्रातच ते उत्तर आहे असे पुढे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील सोवळ्याच्या वेडाने साऱ्या घरास जेरीस आणीत. वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक या तरुण कवीशी विवाह झाला. टिळक बुद्धिमान, पण लहरी आणि शीघ्रकोपी. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेपुढे त्यांच्याजवळ ठरत नसे. तशात १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पती जिवंत असून संसार मोडला, पदरी लहानगा दत्तू, आणि भोवती समाजाची कुजबूज! त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीस याहून मोठा आघात कोणता असणार? शोकाने त्यांचे मन आणि शरीर दोन्ही खचली. पुढची काही वर्षे त्यांनी पंढरपूर आदी ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने काढली.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या धर्म बदलण्यासाठी नव्हेत. त्या आपले सोवळे सांभाळून वेगळा स्वयंपाक करीत राहिल्या. परंतु विचार थांबला नव्हता. देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसांनी केल्या, हे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांचा निश्चय झाला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. पतीची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. आपल्या पावलांनी चालत त्या तेथवर पोहोचल्या. म्हणूनच त्या श्रद्धेतला आनंदही त्यांचा स्वतःचा ठरला.

त्या आनंदाने संकटे टळली काय? मुळीच नाही. ओढगस्त सुटली नाही; प्लेगच्या दिवसांत भोवती मृत्यूचे थैमान पाहावे लागले. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि पुन्हा अनिश्चितता घरात आली. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. एवढे सोसलेली बाई कडवट झाली असती, तर कोणी दोष दिला नसता. परंतु १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त कडवटपणा शोधून सापडत नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या लेखिकेने पित्याचे वेड, पतीचा राग आणि स्वतःची फजिती, यांपैकी काहीही झाकले नाही. मात्र सर्वांस हसून क्षमा केली. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही पुढे नेण्याचा भार त्यांनी उचलला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या.

ख्रिस्ती शास्त्रात आनंद ही सुखाची छाया मानलेली नाही. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र बंदिवासातले आहे, आणि तरीही आनंद करा असे त्यात तो पुनःपुन्हा विनवतो. साखळदंड तुटल्यावर आनंद करू, असे तो म्हणत नाही. देव सोबत आहे हा भरवसा आधी, आनंद त्याच्या मागोमाग, आणि परिस्थिती पालटली तर त्यानंतर, असा हा क्रम आहे. आमच्या संतांनाही हा क्रम अपरिचित नव्हता. तुकोबांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक स्वतः मानीत, यात नवल ते काय?

मात्र एक सावधगिरी हवी. आनंद निवडणे म्हणजे अश्रू दडपणे नव्हे. दुःखितास 'आता हसा बरे' असे सांगणाऱ्यासारखा निष्ठुर दुसरा नाही. लक्ष्मीबाई आधी मनसोक्त रडल्या, देवाशी आणि पतीशी भांडल्या, आणि मग हसल्या. ज्याने रडण्यास मज्जाव केला, त्याने हसण्याची वाटही बंद केली असे समजावे. आणि हा आनंद एकदा निवडून भागत नाही; तो रोज, कधी तर घटकेघटकेस, निवडावा लागतो.

निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही बहिणीस इतकेच म्हणालो, "पाप नाही लागत. गेलेल्या माणसालाही तुझे हसणे आवडत होते." ती काही बोलली नाही. सकाळी आमच्या पानात नारळीभात होता. वर्षभर त्या घरी सण करावयाचा नव्हता, तेव्हा तिनेच खुलासा केला, "सण म्हणून नाही केला हं. मुलांना आवडतो." वाढताना तिचे डोळे भरले होते, आणि धाकटा दुसऱ्यांदा भात मागत होता.

स्टेशनावर आलो, तेव्हा घाट चढून आलेल्या एका गाडीची मागची इंजिने सोडणे चालले होते. आमच्याखेरीज तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.