काचेतला उजेड (भाग ६) : पाहिजे त्या रंगाचा लेसर

नांदेडहून लातूर रस्त्याने साधारण १४० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ३६१ लोहा, अहमदपूर, चाकूर करत तिथे पोचतो. याच अंतरावर जमिनीखालून फायबर गेली आहे असं धरून हिशेब मांडू. चांगली काच दर किलोमीटरला ०.२ डेसिबल उजेड खाते. पण पुरलेली, कधी जेसीबीने तुटलेली आणि पुन्हा स्प्लाइस केलेली केबल ०.२५ ने धरलेली बरी. म्हणजे लातूरपर्यंत ३५ डेसिबलची घट. नांदेडहून निघालेल्या उजेडाचा तीन हजारावा हिस्सासुद्धा तिकडे पोचत नाही. उजेड पाठवणारं आणि वाचणारं मॉड्यूल, म्हणजे ट्रान्सीव्हर, ‘८० किलोमीटरचं’ म्हणून विकलं जात असेल तर २३-२४ डेसिबलपर्यंत निभावून नेतं. म्हणून मध्ये, अहमदपूरच्या आसपास, उजेड वाढवणारा ॲम्प्लिफायर बसवावा लागतो.

ॲम्प्लिफायर महाग, जागा महाग, केबल तर सगळ्यांत महाग. त्यामुळे एकाच धाग्यातून अनेक रंग पाठवायचे. डीडब्ल्यूडीएमची ही युक्ती गेल्या भागात पाहिली. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातला तो अवरक्त उजेड असतो आणि न दिसताही डोळ्याला इजा करू शकतो. म्हणून चालू फायबरच्या टोकात कोणी डोकावत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९३.१ टेराहर्ट्झ हा मूळ खुंटा धरून या पट्ट्याचे वाफे पाडले आहेत. पट्ट्याच्या कडा किंचित ताणल्या आणि ५० गिगाहर्ट्झचं अंतर ठेवलं तर ९६ चॅनल बसतात आणि शेजारच्या दोन चॅनलमध्ये जेमतेम ०.४ नॅनोमीटरची फट राहते.

आता अडचण बघा. जुन्या पद्धतीच्या मॉड्यूलमधला लेसर कारखान्यातच एका रंगाला बांधलेला असतो. चॅनल ३४ म्हणजे १५५०.१२ नॅनोमीटर, त्याचं मॉड्यूल वेगळं. चॅनल ३५ चं वेगळं. ९६ चॅनल चालवायचे तर ९६ जातींची मॉड्यूल लागणार आणि स्पेअरही प्रत्येक जातीचं वेगळं. मुंबई-पुण्यात हे जमून जातं, कारण भांडार शहरातच असतं आणि माणूस तासाभरात पोचतो. नांदेडला हवं ते स्पेअर हैदराबादहून किंवा पुण्याहून येणार. रात्रीच्या बसने पार्सल टाकलं तरी उजाडतं. आणि नेमकं जे जळालं तेच भांडारात नसलं, तर आणखी दिवस जातात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं मुख्य आवार नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि उपपरिसर लातूरला. अशा संस्थेचं काम एका लॅम्डावर, म्हणजे एकाच रंगावर, चाललं असेल आणि ते मॉड्यूल ऐन परीक्षेत बसलं, तर बोटाएवढ्या एका भागापायी दोन जिल्ह्यांतलं काम अडून बसेल.

ट्यूनेबल ट्रान्सीव्हर हे त्यावरचं उत्तर. मॉड्यूल एकच, आणि सांगाल त्या चॅनलवर जाणारं. या शोधाचं कौतुक वेगाच्या आकड्यांनी होतं, पण मला त्याचं मोल वेगळं वाटतं. भांडारापासून जितकं दूर जावं तितकी या मॉड्यूलची किंमत वसूल होते. त्यामुळे मुंबईपेक्षा ते नांदेड-लातूरला जास्त उपयोगाचं आहे.

एकच लेसर इतके रंग कसे काढतो? अकरावीच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर आठवा. लातूरच्या विज्ञान शाखेतल्या कुठल्याही मुलाला तो माहीत असतो. दोन मोजपट्ट्यांच्या रेघा किंचित वेगळ्या अंतरावर असतात आणि एकाच ठिकाणी त्या समोरासमोर येतात. ट्यूनेबल लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांच्या मधे खेळतो आणि दोन्ही आरसे काही ठरावीक रंगच परत पाठवतात. समजा, पहिला आरसा दर ६ नॅनोमीटरवरचा रंग परतवतो आणि दुसरा दर ६.५ नॅनोमीटरवरचा. दोघांनाही चालेल असा रंग मग ७८ नॅनोमीटरमध्ये एकदाच सापडतो. आपला पट्टा आहे ३५ नॅनोमीटरचा. म्हणजे पट्ट्यात एका वेळी एकच रंग टिकतो, बाकीचे विझतात. आता पहिल्या आरशाची रेघ विजेच्या प्रवाहाने किंवा बारीकशा हीटरने अर्धा नॅनोमीटर सरकवा. जुळणी एकदम साडेसहा नॅनोमीटर पुढे जाते. एवढ्याशा सरकण्यातून सगळा पट्टा हाताशी येतो. उड्यांच्या मधले रंग दोन्ही आरसे मिळून थोडेथोडे सरकवून मिळतात. आरशांची रचना कंपनीगणिक बदलते. कुणी इंडियम फॉस्फाइडच्या चिपवर जाळी कोरतं, कुणी सिलिकॉनवर वर्तुळाकार वाटा काढतं. तत्त्व मात्र बहुतेक ठिकाणी हेच.

रंग मिळाला, आता तो टिकवायचा. मराठवाड्याच्या दृष्टीने खरी कसोटी इथे आहे. साध्या लेसरचा रंग एक अंश सेल्सियस तापमानाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकतो. चार अंश वाढले की ०.४ नॅनोमीटर, म्हणजे गडी थेट शेजाऱ्याच्या चॅनलमध्ये. मे महिन्यात नांदेडला पारा बेचाळीसच्या पुढे जातो. लाईट गेली, यंत्रं ठेवलेल्या शेल्टरचा एसी बंद पडला आणि जनरेटर लागायला पाच-दहा मिनिटं गेली, तर रॅकमधली हवा चार अंशांपेक्षा कितीतरी जास्त तापते. म्हणून लेसरच्या चिपखाली पेल्टिये कूलर असतो. १८३४ साली ज्याँ पेल्टियेने दाखवलेल्या परिणामावर तो चालतो. प्रवाह एका दिशेने सोडला की चिप थंड होते, उलटा सोडला की गरम. शेजारी वेव्हलेंग्थ लॉकर नावाचा काचेचा बारीक तुकडा निघालेल्या उजेडाचा रंग सतत तपासतो आणि ढळला की दुरुस्ती करवतो. चिपचं तापमान अंशाच्या शंभराव्या हिश्शाच्या हिशेबात सांभाळलं जातं. एवढी सगळी यंत्रणा अंगठ्याएवढ्या डबीत मावते, याचं मला आजही नवल वाटतं. पण बाहेरची उष्णता जितकी जास्त, तितकी वीज कूलर खातो आणि डबीही तापते. साध्या दर्जाच्या मॉड्यूलची डबी ७० अंशांपर्यंतच चालते, औद्योगिक दर्जाची ८५ पर्यंत. आपल्याकडच्या शेल्टरसाठी औद्योगिक दर्जाचंच घ्यावं. त्यात काटकसर नको.

बदलायची रीत अशी. बंद पडलेलं मॉड्यूल खटका ओढून बाहेर काढायचं, नवं आत सरकवायचं. टर्मिनलवर चॅनलचा आकडा द्यायचा. रंग जुळत असताना लेसर आपला उजेड बाहेर सोडत नाही, नाहीतर जाता जाता शेजारचे चालू चॅनल तो बिघडवेल. रंग ठरला की उजेड बाहेर. त्याआधी मॉड्यूलला जोडायच्या पॅच कॉर्डचं टोक पेनासारख्या क्लीनरने पुसून घ्यायचं, कारण ज्या गाभ्यातून उजेड जातो तो ९ मायक्रॉनचा आहे आणि धुळीचा कणही त्याहून मोठा असू शकतो. अर्धे बिघाड या टोकाशीच निघतात असं लाइनवरची माणसं सांगतात.

आता मर्यादा. रंग गोळा करणाऱ्या मक्सचं प्रत्येक पोर्ट आपापलाच रंग पुढे सोडतं. चौतिसाच्या पोर्टाला पस्तिसावर लावलेलं मॉड्यूल जोडलं तर उजेड तिथेच मरतो. मॉड्यूल कितीही लवचीक असो, पॅच कॉर्डवरची चिठ्ठी आणि नोंदवही चोख नसेल तर त्याचा उपयोग नाही. दूरच्या टोकाला आपला चॅनल आपोआप कळावा यासाठी २०१८ साली जी.६९८.४ हे मानक आलं, म्हणजे तिकडे बसवणाऱ्याला आकडा देण्याचीही गरज उरत नाही. केबलच तुटली तर मात्र कुठलंही मॉड्यूल काही करू शकत नाही. तिथे दुसरी वाट हवी. नकाशावर ती आहे. पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड अशा रेल्वेमार्गाने गेलं तर अंतर दोनशे किलोमीटरांच्या पुढे जातं, पण महामार्गावर खोदकाम चालू असताना ही बाजू सुखरूप राहते.

अशा लांब वाटेवर उजेड चालू-बंद करून माहिती पाठवण्याचं जुनं तंत्र आणखी एका कारणाने दमतं. रंगाचे बारीक घटक काचेतून वेगवेगळ्या वेगाने धावतात आणि लांब अंतरावर खुणा एकमेकींत मिसळतात. कोहेरंट ट्रान्सीव्हर हा गुंता चिपमध्ये गणित करून सोडवतो. त्यात लेसर पाठवायला तर लागतोच, पण आलेला उजेड वाचायलाही लागतो. येणाऱ्या रंगाशी जुळणारा उजेड तिथेच तयार करून दोन्ही एकमेकांत मिसळावे लागतात. त्यामुळे कोहेरंटमध्ये ट्यूनेबल लेसर जवळपास गृहीतच धरलेला असतो. ऑप्टिकल इंटरनेटवर्किंग फोरमने २०२० साली ठरवलेलं ४००झेडआर हे मानक १२० किलोमीटरपर्यंतचं आहे. नांदेड-लातूर त्यात वीस किलोमीटरने बसत नाही. ‘झेडआर प्लस’ म्हणून मिळणारी पुढची मॉड्यूल हे अंतर कापतात. दर ठरवताना हा फरक डोळ्यासमोर असला पाहिजे, कारण कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतच्या भारतनेटच्या केबलला यातलं काहीच लागत नाही. तिथे साधा लेसर पुरतो. ट्यूनेबलचा खर्च शहरांना जोडणाऱ्या मोठ्या वाटांवरच करावा.

काचेचा धागा खुद्द मराठवाड्यात तयार होतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत स्टरलाइटचा फायबरचा कारखाना आहे आणि शेंद्र्याला काचेचा. लेसरच्या चिप मात्र अजून मुख्यतः बाहेरूनच येतात. मागवल्यावर त्या हाती पडायला वेळ लागतो, म्हणून आधीच मागवून ठेवाव्यात. निविदेत वेग आणि दर लिहिले जातात. त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी : औद्योगिक दर्जाची दोन ट्यूनेबल स्पेअर नांदेडला, दोन लातूरला, आणि ती ठेवलेल्या कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडे. अहमदपूरच्या ॲम्प्लिफायरचं स्पेअर हे निराळं प्रकरण आहे, ते पुढच्या आठवड्यात.